जहाजवाल्याची गाळलेली पानं

ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुस्तकांचं पार्सल पोचलं. बांधणी नेहमीसारखी देखणी आहे. पाठी ताठ, कोपरे कापडाचे, खळीचा एक डाग नाही. हे कौतुक आधी लिहून टाकते, कारण पुढे फक्त भांडण आहे.

जहाजवाल्याच्या कादंबऱ्यांचं तू काय करून ठेवलंस? शनिवारी आमची शिवणकामवाली सभासद आली आणि तिने पुस्तक टेबलावर आपटलं. एका पानावर तो दुष्ट जहाजवाला नायिकेला दीपगृहात कोंडतो, आणि पान उलटलं की ती त्याच्या जखमेवर पट्टी बांधत असते. मधे काय झालं, असं ती मला विचारत होती, जसं काही मीच ते खाऊन बसले. मला वाटलं, शिवताना सोळा पानांच्या घडीचा एखादा फर्मा राहिला असेल, माणूस आहे, होतं असं. मग मी दुसरं पुस्तक उघडलं, तिसरं उघडलं. सगळीकडे नेमके तसलेच फर्मे गायब. बरं, फर्मा काही पाप संपलं म्हणून संपत नाही. त्या भानगडीबरोबर नायिकेच्या बिचाऱ्या आत्याचं आजारपणही गेलं, आणि ती बाई पुढच्या पानावर एकदम मेलेलीच सापडते.

इतक्या वर्षांत तुझ्या हातून एक पान इकडचं तिकडे झालं नाही. त्यामुळे चुकून झालं असं मला सांगू नकोस. या कादंबऱ्यांवर माझं वाचनालय चालतं, ताई. थोरांची चरित्रं मी दर महिन्याला झटकते आणि परत ठेवते. लोक आता वर्गणी परत मागायला लागलेत, आणि काउंटरवर बसून मी काय उत्तर देणार?

तुझी बिट्टी इथे माझ्याकडे बरी आहे, कामावर जाते, जरा गप्प आहे. रागावले आहे, तरी लोभ सोडलेला नाही, तूही सोडू नकोस.

तुझी
धाकटी

ता. १३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हो, मीच काढले. चुकून नाही, चांगले ठरवून काढले.

शिवण्याआधी पानांचा क्रम बघावा लागतो, त्यामुळे इच्छा नसली तरी नजर जातेच. हा माणूस मुलीच्या बापाची जहाजं जाळतो, तिला खोटं सांगून पळवतो, कोंडून ठेवतो, आणि वाचणारीने काय करायचं, तर उशीला मिठी मारून उसासे टाकायचे. याला कादंबरी म्हणतात? आमच्या वेळी असल्या माणसाला पोलीस धरून न्यायचे. आणि हे सगळं बिट्टी वाचते. लपूनछपून नाही, मला फोनवर हसत सांगते की तिसऱ्यांदा वाचतेय म्हणून. तुझ्याकडे शिकायला आणि नोकरीला पाठवली ती असले दिवे लावायला नव्हे.

एप्रिलमध्ये तिचा साखरपुडा आहे हे तू विसरलीस वाटतं. दाताचे डॉक्टर म्हणजे शोधून सापडायचा नाही असा मुलगा. आवाज चढवत नाहीत. ती घरी पोचली का, हे रोज फोन करून विचारतात. प्रयोगशाळेतली रात्रपाळी तब्येतीला चांगली नाही म्हणून ती सोडायला लावली, दवाखान्याजवळ जागाही स्वतःच बघून ठेवली, तिला काडीचा त्रास दिला नाही. असा माणूस समोर असताना मुलीच्या डोक्यात जहाजवाला भरवायचा? तिला तिच्या भल्याचं कळत नाही, म्हणून कोणीतरी कळणाऱ्याने लक्ष घालायला नको का? ते मी घातलं. तुझ्या सभासदांचं वाईट वाटतं, पण त्यांनाही आया आहेतच की.

पाठ दुखते आहे, दाबयंत्राचं चाक फिरवताना जास्त. तब्येतीला जप आणि माझ्यावर फार चिडू नकोस.

तुझी
ताई

ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून डोकं धरून बसले. तुझ्याशी वाद म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे लहानपणापासून माहीत आहे, तरी ओतते.

आमच्याकडे बँकेतल्या एक कॅशियरबाई येतात. नेसूचं नीटनेटकं, बोलणं मोजकं. पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून नेतात. परवा मी थट्टेने विचारलं की एवढ्या शहाण्या बाईला हा नालायक कशाला हवा. त्या म्हणाल्या की दिवसभर त्या सगळ्यांशी नीट वागतात, घरी गेल्यावरही नीटच वागतात. आता पैसे देऊन परत नीट वागणाऱ्यांचीच गोष्ट वाचायची त्यांची तयारी नाही. शिवणकामवालीचं वेगळंच. तिला जहाजवाल्याची भीती वाटते आणि ती भीतीच तिला आवडते, कारण दूध उतू जायला लागलं की त्याला मिटून ठेवता येतं. तिच्या घरातलं काही असं मिटता येत नाही म्हणे.

यातली एकही बाई तसला नवरा शोधायला बंदरावर जाऊन उभी नाही, ताई. तू सगळ्यांना दूधखुळं समजतेस. सगळ्यात जास्त बिट्टीला. तिच्याबद्दल मला पुष्कळ लिहायचं आहे, पण तिने मला अडवलंय. ती स्वतःच लिहिणार आहे. तिचं पत्र आलं की उभ्याने वाचू नकोस.

पाठीला शेक घे. मनात काही धरू नकोस, मी धरलेलं पुरेसं आहे.

तुझी
धाकटी

ता. २४ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न.

आई, मी डॉक्टरांना नकार कळवला. मावशीने शिकवलं नाही आणि पुस्तकानेही नाही, तेव्हा त्या दोघांवर राग काढू नकोस.

ते माझ्यावर कधी ओरडले नाहीत. आधी रात्रपाळी गेली. मग माझी प्रयोगशाळेतली मैत्रीण गेली. एकदा मी हात धुवायला उठले तेवढ्यात त्यांनी माझ्या फोनमधून तिचा नंबर काढून टाकला आणि हसत मला सांगितलंही, की ती तुझा फार वेळ खाते. मला राग यायला हवा होता. मला वाटलं, किती काळजी आहे. नंतर केस कापायचे नाहीत असं ठरलं, कोणी ठरवलं ते आता आठवतसुद्धा नाही. मला सवय होत होती, आई, याचीच मला भीती वाटते.

मग तू बांधलेलं पुस्तक घरी आणलं. मावशीने काय गेलंय ते सांगितलं होतं, म्हणून मी जोडावरून बोट फिरवून बघितलं. काही लागलं नाही. ज्याने ते पुस्तक पहिल्यांदाच हातात घेतलं त्याला वाटेल की गोष्ट अशीच आहे. मी ते पुस्तक मांडीवर घेतलं आणि मला रडू आलं. जहाजवाला कुलूप लावतो तेव्हा निदान कुलपाचा आवाज होतो. तो वाईट आहे हे लिहिणारीला ठाऊक असतं, मला ठाऊक असतं, त्यालाही ठाऊक असतं. तुझं आणि डॉक्टरांचं मात्र सगळं आवाज न करता, आणि माझ्यासाठी.

मला तसला नवरा नको आहे. मला फक्त ती गोष्ट वाचायची आहे. एवढं साधं तुला का वाटू नये, याचा मला फार त्रास होतो. तुला त्यांच्या शेजारी बसवलं हे वाचून तू दुखावशील. मीही दुखावले आहे. तरीही तुझीच मुलगी आहे, दूर लोटू नकोस.

तुझी
बिट्टी

ता. ८ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

बिट्टीचं पत्र आल्यावर मी तुला मुद्दाम लिहिलं नाही. लिहिलं असतं तर शिव्याच लिहिल्या असत्या. जिच्यासाठी हाडाची काडं केली ती मुलगी मला एका परक्या माणसाच्या रांगेत बसवते, याचा मला असा संताप आला की त्या दिवशी शिवलेली एकही वही सरळ आली नाही. तुझाही राग आला. तुझ्या त्या कॅशियरबाईचासुद्धा आला.

मंगळवारी डॉक्टर दुकानात आले. स्टूल रुमालाने पुसून बसले. माझ्या पाठीची चौकशी केली, कुठली गोळी घ्यायची ते सांगितलं. मग म्हणाले की बिट्टी मनाने साधी आहे, कोणाच्या तरी नादी लागली आहे. मी एवढंच करायचं, की माझी तब्येत बिघडली असं कळवून तिला इथे बोलवून घ्यायचं आणि लग्न होईपर्यंत परत पाठवायचं नाही. खोटं आहे हे त्यांनाही मान्य होतं, पण तिला तिच्या भल्याचं कळत नाही, असं ते म्हणाले. अगदी माझ्याच शब्दांत, माझ्याच सुरात, जसं काही माझ्या पत्रातून वाचून दाखवत होते.

आणि धाकटे, हे सगळं बोलत असताना तो माझी हत्यारं लावत होता. दाभण, सुया, कातर, हाडाची पट्टी, सगळं लहानमोठं बघून एका ओळीत. मला विचारलं नाही. माझा पसारा म्हणजे माझी बोटं आहेत, डोळे मिटून हात टाकला तरी हवं ते हाताला लागतं. मी त्याला सांगितलं की लग्न होणार नाही आणि आता दुकान बंद करायची वेळ झाली. भर दुपार होती. तो नमस्कार करून गेला, जाताना दारही हळूच लावून घेतलं. मला माझी सुरी संध्याकाळपर्यंत सापडली नाही.

आता खरी पंचाईत ऐक आणि हसू नकोस. काढलेले फर्मे परत शिवून द्यावे म्हटलं, तर ते माझ्याकडे नाहीत. पुस्तकाच्या पाठीला आतून रद्दी कागदाचं अस्तर लावावं लागतं, तिथे ते वापरले. तुझ्या वाचनालयाच्या अध्यक्षांची जी व्याख्यानं मी गेल्या महिन्यात बांधून दिली, शील आणि संयमावरची, त्यांच्या पाठीत सगळा जहाजवाला आहे. ते खंड गुपचूप परत पाठव. अध्यक्षांना सांग की पाठी मजबूत करायच्या आहेत. ते कोणी नेत नाही असं तूच म्हणतेस.

माझ्याजवळ तू आहेस हे बरं आहे. असंच राहू दे.

तुझी
ताई

ता. २९ मार्च

चि. बिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या डॉक्टरांना मी काय सांगितलं ते मावशीने तुला सांगितलं असेलच. तो विषय माझ्याकडून संपला.

व्याख्यानांच्या पाठी वाफेवर धरून कागद सोडवते आहे. कंबरडं मोडतं. काही पानं सुटली, काही फाटली ती फाटलीच, त्यांना माझा इलाज नाही. जी सुटली ती दोरीवर वाळत घातली आहेत आणि वाळता वाळता मी वाचली. खरं सांगते, मला तो माणूस अजिबात आवडलेला नाही. तिच्याही दोन थोबाडीत द्याव्या असं वाटलं. पण एक पान ओलं होतं आणि मला पुढचं हवं होतं, तर मी त्याच्यावर पुठ्ठ्याने वारा घालत बसले होते. गिऱ्हाईक दारात उभं होतं, त्याला मी थांबायला लावलं. माझ्या वयाला हे शोभतं का? मला माझाच फार राग आला.

दीपगृहातल्या त्या पानावर तो तिला विचारतो की तुला काय हवं आहे. ती किल्ली मागते आणि तो मेला देत नाही. मी तिथेच अडकले. वाटलं, हा असा नरकात जाणारा माणूस, आणि तोसुद्धा विचारतो. शाळा मी ठरवली, शाखा मी ठरवली, स्थळ मी आणलं. तुला त्रास नको म्हणून सगळं आधीच करून ठेवलं. तू कधी नाही म्हणाली नाहीस, त्याचा मला केवढा अभिमान होता.

तेव्हा आता विचारते. बिट्टी, तुला काय हवं आहे?

उत्तर मला आवडेल असं नाही. चिडेन, वाद घालेन, कदाचित आठवडाभर बोलणार नाही. तरी लिही, हवं तेवढं लांब लिही. त्यातलं एक अक्षर मी कापणार नाही.

तुझी
आई