साक्ष दिल्यानंतर

३ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली पाळी. चितेगावच्या कंपनीतून येताना डोकं दुखत होतं म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलवर थांबलो. दुकानदार म्हणाला, "वहिनींच्या शुगरच्या गोळ्या बी घेऊन जा, सांगून गेल्यात." म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या असतील. "नाय हो, दर महिन्याला त्याच नेतात."

सुनंदाची शुगर प्रार्थनेनं गेली होती. तिनं चर्चमध्ये मंडळीसमोर उभं राहून साक्ष दिली. ती ऐकून मी दारू सोडली, बाप्तिस्मा घेतला. गंगापूरच्या भावानं बोलणं टाकलं, तेही सोसलं. आणि ही गोळ्या खाते.

पाकीट घेतलं. घरी दिलं नाही.

४ फेब्रु.

सु.शी बोललो नाही. भाजीत मीठ कमी, तेवढ्यावरून ताट सरकवलं. त्याआधी, येताना बसमधून बारच्या स्टॉपला उतरलो होतो. आत गेलो नाही. मागच्या बसनं घरी आलो. पण उतरलो कशाला...

५ फेब्रु., गुरुवार

शेवटी पाकीट ओट्यावर ठेवलं. ती भाकरी थापत होती.

"तवा खरंच उतरली व्हती. रिपोर्ट चांगला आलता. मग परत चढली."

"मग सांगायचं व्हतं."

"कसं सांगू? तुमची सुटली व्हती. पोरगी घरात हसायला लागली व्हती. माझी परत आली म्हटल्यावर तुमी बी परत..."

तव्यावरची करपली. तीच मी खाल्ली. राग गेला नाही.

८ फेब्रु., रविवार

उपासनेत सु. उभी राहिली, मला न विचारता. "माझी शुगर परत आलीय. गोळ्या चालू आहेत. इतके दिवस लपवलं." आणि बसली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पाळकसाहेब म्हणाले, "गोळ्या बंद करा असं मी कधी म्हणालो, बाई? डॉक्टरांकडं जात जा." मग तिच्यासाठी प्रार्थना केली, पहिल्यासारखीच. निघताना मला म्हणाले, "पुढच्या रविवारी तुम्ही साक्ष द्या. लोकांना आता आधार पाहिजे." हो म्हणून बसलो.

११ फेब्रु.

माझ्या मागच्या साक्षीत काय बोललो ते पाठ आहे. प्रभूनं तलफसुद्धा काढून घेतली, आता वासानंच मळमळतं. सगळे आमेन म्हणाले होते.

मळमळत नाही. कधीच मळमळलं नव्हतं. बसमध्ये शेजारी कुणी पिऊन बसला तर मी खिडकी उघडत नाही.

आणि रुसून बसलोय बायकोवर. लाज वाटली.

प्रार्थनेला बसलो. नेहमीची स्तुती तोंडातून निघेना. एवढंच म्हणालो, "प्रभो, मला प्यावंसं वाटतं." लई दिवसांनी रडलो. तलफ हलली नाही, पण एकटा नव्हतो. हे खरं आहे, उगाच लिहीत नाही.

१४ फेब्रु., शनिवार

संध्याकाळी सु.ला सांगितलं. अजून प्यावंसं वाटतं म्हणून.

"कधी वाटतं?"

"रोज."

"आन् घेतली?"

"नाय."

तिनं माझा हात धरला. "मग उद्या काय बोलणार?" म्हटलं, ठरलं नाही. इतक्यांनी माझ्याकडं बघून सोडलीय. त्यांतला एक जरी परत बारकडं वळला तर?

आतल्या खोलीत आमची पूजा बारावीचं मोठ्यानं पाठ करत होती. ते कधी थांबलं, आम्हाला कळलं नाही.

१५ फेब्रु., रविवार

दहाला उपासना. सु. आमच्या आधी चर्चला गेली.

पूजा तयार होऊन दारात उभी आहे. काल तिनं सगळं ऐकलेलं दिसतंय. आत्ता म्हणाली, "पप्पा, खरं सांगणार असाल तर मी येते. नाहीतर घरीच थांबते."

"आलोच" म्हणून आत आलो आणि हे लिहीत बसलोय. ती अजून दारातच आहे.