डोरीनचा रविवारचा झेंडा

रविवार, ४ मे
आज सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी माझी फसवणूक झाली. काल मिलवॉकी सोडून या गावात राहायला आले तेव्हा इतकी खुशीत होते, की सामान उतरवणाऱ्यांनाही केक खिलवला. शर्यतीच्या ट्रॅकला लागून घर घेतलं म्हणून भाची हसली होती. पण रविवारी बारापर्यंत इथं एकही इंजिन सुरू होत नाही, तसा गावाचा नियमच आहे. बाकी सहा दिवस मोटारी नि मोटरसायकली खुशाल गरगरोत. आणि आज मी चर्चहून येऊन कॉफी ओतते, तोच एक मोटरसायकल सुटली. एकटीच. थोड्या फेऱ्या मारून गप्प झाली.

रविवार, ११ मे
पुन्हा तेच. कुंपणापाशी जाऊन पाहिलं. अंतिम रेषेवर शेजारची डोरीन प्रोहास्का, गावातल्या बारची मालकीण, शर्यत संपल्याचा काळ्यापांढऱ्या चौकड्यांचा झेंडा हलवत होती. आवाज तिच्यासमोरून गेला आणि विरला. गाडी मला दिसली नाही. वळणाआड दडवली असणार.

शुक्रवार, १६ मे
तिच्याच बारमध्ये, तळलेली मासळी खायला सगळं गाव जमलेलं असताना, तिला जाब विचारला. म्हटलं, सत्तरीच्या बाईनं गुंडांना झेंडे दाखवणं शोभतं का. मी चर्चला जाते म्हणून ती मला चेष्टेनं सिस्टर म्हणते, जणू मी ननच. ती म्हणाली, "अगं सिस्टर, गुंड कसला, माझा धाकटा भाऊ आहे तो, कर्टिस. धुकं आलं म्हणून शर्यत थांबवली, ते त्याला कुणी कळवलंच नाही, आणि झाडावर आदळून गेला बिचारा. शेवटचा झेंडा दिसेपर्यंत थांबायचं नाही, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. झेंडा दाखवला की आठवडाभर निजतो." मी म्हटलं, मेलेल्यांसाठी प्रार्थना करतात, झेंडे नाचवत नाहीत, आम्हाला नन्सनी एवढं तरी शिकवलं. कुणी हसलं नाही. वाढणारीनं माझी अर्धी भरलेली ताटली उचलून नेली.

शुक्रवार, २३ मे
ट्रॅकचे व्यवस्थापक हॅल्व्हरसन यांना पत्र लिहून वकिलाची भीती घातली. त्यांनी फाटकाला कुलूप लावलं, झेंडा जप्त केला. शिस्त लावावी लागते.

रविवार, २५ मे
आवाज थांबला नाही. बारा वाजले, चार वाजले, फेऱ्या चालूच. डोरीन कुंपणाबाहेरून बारमधला चौकड्यांचा टेबलक्लॉथ हलवत होती. ट्रॅक रिकामा होता. मी नीट पाहिलं, दोनदा पाहिलं. ती म्हणाली, रेषेवरून दाखवला तरच मानतो गं, तुझ्यासारखाच नियमाचा पक्का. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

बुधवार, २८ मे
तो आता कुंपणाच्या या बाजूला आहे. भर दुपारी रस्त्यावरची खडी उडाली, टपालपेट्या आडव्या झाल्या. नुसता आवाज; ना गाडी, ना गाडीवर कुणी. दुकानात माझ्याशी कुणी बोललं नाही. मीही मान खाली घालूनच पाव घेतला.

शुक्रवार, ३० मे
डोरीन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, टेबलक्लॉथ घेऊन. त्याला अडवायला. दोन्ही पाय मोडले. इस्पितळात गेले, तर मलाच विचारते, जेवलीस का सिस्टर. आणि म्हणते, उभं राहता आलं की पुन्हा जाईन, नाहीतर तो फिरतच राहील. डॉक्टर म्हणतात, दुसरा धक्का ती सोसणार नाही. माफी मागायला गेले होते. तिची उशी नीट केली आणि परत आले.

सोमवार, २ जून
हॅल्व्हरसन फोन उचलत नाहीत. फाटकावर नवं, मोठं कुलूप. माझ्याच पत्रामुळे. डोरीननं कुबड्या मागितल्या—

मंगळवार, ३ जून
उद्या टाकायच्या पत्राचा मसुदा. श्री. हॅल्व्हरसन, माझी तक्रार मागे घेते. ती खोटी होती, उद्धटपणाची होती. फाटक उघडा. झेंडा मला द्या. रेषेवर मी उभी राहीन, डोरीन नव्हे— तिला कळवा, तिची गरज नाही— लेखी उत्तर हवं, शनिवारी दुपारी बाराच्या आत, नाहीतर—

तो रस्त्यावर नाही आता. माझ्या हिरवळीवर. घराभोवती फेऱ्या— प्रत्येक फेरी आधीपेक्षा जवळून— भिंतीला घासून— लेखी उत्तर, शनिवारी, बाराच्या—