चार विरुद्ध एक

सिल्वासा,
१२ डिसेंबर

प्रिय दुर्गा,

तू नंदुरबारला पोचलीस, आईच्या हातची कळण्याची भाकरी खाऊन झोपा काढते आहेस, हे फोनवर कळलंच. तरी ही बाई पत्र का लिहितेय, म्हणून हसशील. तुझा आवाज ऐकला की मी विषय बदलते गं. तीनदा बदलला. म्हणून कागद घेतला.

इथे सगळं ठीक आहे. तुझे पॅड गच्चीत चार दिवस उन्हात ठेवले, वास काही जात नाही. हॉकीतला तिसऱ्या क्रमांकाचा चषक कंपनीच्या गेटजवळ काचेच्या कपाटात ठेवलाय. पाळी सुटली की बाया थांबून बघतात. वाइंडिंग खात्यातल्या चिमाबाई परवा मला म्हणाल्या, "ती गोलात उभी राहते, तीच ना आपली? बाकीच्यांची नावं मला ठाऊक नाहीत." मला फार बरं वाटलं.

तुझ्या कराराच्या बैठकीत काय झालं, ते तुला कुणी नीट सांगितलं नाही. मी सांगते. सप्टेंबरात आम्ही क्रीडा समितीचे पाच जण खडोलीच्या ऑफिसात बसलो होतो. प्रश्न सरळ होता: तेहतीस वर्षांच्या गोलकीपरला आणखी तीन वर्षं ठेवायचं का, आणि बत्तीस हजारांचे पंचेचाळीस करायचे का? तेवढ्या पैशात दोन नव्या मुली येतात. जयवंतसाहेब म्हणाले, "गोलकीपरवर एवढा पैसा? तिच्यापर्यंत चेंडू पोचणारच नाही अशी टीम घेऊ की!" सगळे हसले. मीही हसले.

मग अकाउंट्समधल्या वाल्मिकरावांनी वही उघडली. दोन वर्षांतले सगळे सामने हा माणूस सुट्टी टाकून, पदरचं भाडं भरून बघत आलाय, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तू गोलात असताना समोरच्यांना सामन्यात सरासरी तीन पेनल्टी कॉर्नर मिळाले. गुडघ्यामुळे तू बाहेर बसलीस त्या पाच सामन्यांत आठ-आठ. ते म्हणाले, "ती मागून ओरडून सगळ्यांना जागेवर ठेवते, त्याचे हे पैसे आहेत. ती चेंडू अडवते, ते वरकड समजा." गुडघ्याचा रिपोर्टही त्यांनीच मागवला, तो आम्हाला वाचून दाखवला आणि म्हणाले, तीन वर्षं निघतील. हात वर झाले. चार विरुद्ध एक. करार मंजूर.

सुरतेचा तो तिसऱ्या क्रमांकाचा सामना मी गॅलरीतून पाहिला. सहा वर्षं मी तुझ्यापुढे फुलबॅक खेळले, पण तुझं ओरडणं बाहेरून कधी ऐकलं नव्हतं. "मनीषा, डावीकडे! अजून!" मनीषा दोन पावलं सरकली आणि चेंडू आपणहून तिच्या स्टिकवर आला. टाळ्या मनीषाला. अख्ख्या सामन्यात तुला चारच चेंडू अडवावे लागले. मी तिथे बसून रडले, दुर्गा. माझ्याही खेळाला लोक टाळ्या वाजवायचे. कुठे उभं राहायचं हे मला उपजत कळतं, असं मी इतकी वर्षं समजत होते.

आता जे लिहायचं ते लिहिते. गुडघ्याचा रिपोर्ट मागवला म्हणून तो एक विरोधातला हात वाल्मिकरावांचा, असं तू धरून चाललीस. त्यांच्याशी बोलणं टाकलंस. चषक आला त्या दिवशी त्यांनी पुढे केलेला पेढा तू घेतला नाहीस, आणि ते बॉक्स घेऊन पुढे गेले. मी शेजारीच उभी होते. तो हात माझा होता. समितीला मी तुझ्या गुडघ्याचं कारण दिलं. तू कठडा धरून जिना उतरतेस, ते मी रोज बघते. ते काही खोटं नव्हतं. पण पंचेचाळीस हजार हा आकडा ऐकल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते वेगळंच. एकोणतिसाव्या वर्षी माझा घोटा गेला, तेव्हा माझ्यासाठी कुणी दहा मिनिटंसुद्धा बसलं नव्हतं. एका ओळीचं पत्र हातात दिलं. तो राग मी तुझ्यावर काढला. तुझी किंमत सगळ्यांत आधी मला कळायला हवी होती, आणि ती वही घेऊन बसलेल्या माणसाला कळली. त्यांनी माझा हात वर गेलेला पाहिला होता, तरी तुला माझं नाव सांगितलं नाही. त्यांच्याशी बोल. सोमवारी तुझ्या गाडीच्या वेळी मी स्टँडवर येईन. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस, पण बॅग मला घेऊ दे.

तुझीच,
रजनी