वैशाखात दाखवलेलं घर

आबा,

देवपूरच्या मागच्या गल्लीतलं ते घर परवा विकलं गेलं. सह्या झाल्या, अंगठे झाले, फोटो झाले, पेढ्याचा पुडाही फिरला. आज रविवार, जेवणं आटोपल्यावर बायकोला म्हणालो, जरा लिहायचं आहे. ती म्हणाली, "तुम्ही? आणि लिहायचं?" तिचं बरोबर आहे. मी बोलून पोट भरणारा माणूस. लिहिणं माझं सहीपुरतं. पण हे ज्यांना सांगायला हवं ते तुम्ही, आणि तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. बोलायला समोर कोणी असावं लागतं, लिहायला लागत नाही, एवढंच मला कळलं आणि बसलो.

मी आता मोठा माणूस झालोय, आबा. म्हणजे लोक तसं म्हणतात. धुळ्यात ऑफिस आहे, जळगावलाही एक गाळा आहे. जुनी घरं घ्यायची, आतून बदलायची, विकायची, हाच धंदा. तुमच्या वेळी चुना आणि रंग एवढ्यावर भागायचं. आता फॉल्स सीलिंग लागतं, किचनला ट्रॉल्या लागतात, आणि घराचा व्हिडिओ काढून मोबाईलवर टाकावा लागतो. त्या व्हिडिओत गाणं असतं. भिंतीचा आवाज कोणालाच ऐकू येत नाही.

तुम्ही मला पहिल्यांदा परांचीवरून पाहिलंत. मी जळगावची डाळ मिल सोडून नुकताच धुळ्यात आलो होतो, जुन्या स्कूटरवरून लोकांना प्लॉट दाखवत फिरायचो. तुम्ही गिलावा करत होता आणि थापीच्या दांड्याने भिंत ठोकत पुढे सरकत होता. मी खालून म्हणालो, "आबा, खिडकीजवळ पोकळ वाजतंय." तुम्ही थांबलात. परत ठोकलंत. मग खाली वाकून विचारलंत, "कोठला रे तू?" जामनेरकडचा, म्हटलं. मिलमध्ये मशीनच्या आवाजावरून पट्टा कुठं घासतोय ते सांगायचं माझं काम होतं, तेही सांगितलं. तुम्ही हसलात. "तरीच. बोलणं वाकडं शे, पन कान सरळ शेतस."

त्या आठवड्यात तुम्ही मला जेवायला घरी नेलंत. चुलीसमोर बसलोय, तुमची घरधनीण, आमची माय, कळण्याची भाकरी थापतेय, धुराने माझे डोळे चुरचुरताहेत, आणि तुम्ही म्हणताय, आता डोळे मीटच. मग तुम्ही कोपऱ्यातला रांजण बोटांनी वाजवता. "सांग, पाणी किती?" मी म्हणतो, निम्म्याच्या वर, चार बोटं. तुम्ही झाकण काढून बघता आणि परत ठेवून देता, म्हणजे बरोबर. तेवढ्यात माय भाकरी उलटवता उलटवता म्हणते, "आते त्याना पोटवर बी वाजाडी देखा, भाकरी किती लागतीन ते समजी." तिघंही हसलो. हसणं ओसरल्यावर तुम्ही जे बोललात ते मी पुढे कितीतरी गिऱ्हाइकांना माझंच म्हणून ऐकवलं: "बजारमा माठ लेतस ते वाजाडीसन लेतस. आनी जनमभरनं घर लेतस ते रंग देखीसन."

दुसरी गोष्ट मात्र मी कोणालाच ऐकवली नाही. तुम्ही म्हणाला होतात, "घर इकानं शे ना, मंग वैशाखमा दखाड." आपली काळी माती कशी, ते आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. उन्हाळ्यात आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस लागला की फुगते आणि वर उचलते. पाया खाली मुरमापर्यंत गेला नसला तर भिंत त्या मातीबरोबर खालीवर होते. वैशाखात भेग उघडते, श्रावणात मिटते. तेव्हा घराची खरी तब्येत बघायची तर वैशाखातच. आणि म्हणूनच आमच्या धंद्यातली सगळी शहाणी माणसं कच्ची घरं गणपतीच्या सुमारास दाखवतात. हवा छान असते, भिंती मिटलेल्या असतात, वरून रंगाचा हात दिला की नवरीसारखं घर.

देवपूरचं घर माझं पहिलं. तोवर मी दुसऱ्यांची घरं दाखवत होतो. हे मी स्वतः घेतलं होतं, बायकोचे दागिने मोडून. ती पोटुशी होती. पुढच्या दोन खोल्या तुम्ही वाजवून पाहिल्यात आणि मान हलवलीत. फक्त मागची पडवी घरात घेऊन तिथे स्वयंपाकघर काढायचं होतं. तुम्ही म्हणालात, पाया नवा घे, मुरूम लागेपर्यंत खोद. मी हो म्हटलं. मग साक्रीकडे तुमच्या बहिणीचं दुखणं निघालं आणि तुम्ही पंधरा दिवस गेलात. त्या पंधरा दिवसांत मी दुसरा मिस्त्री लावला, पडवीच्या जुन्या दगडांवरच भिंत चढवली, गिलावा, रंग, ओटा, सगळं. मुरूम लागेपर्यंत खोदत बसलो असतो तर गणपती निघून गेले असते.

तुम्ही आलात ते सरळ मागच्या बाजूला गेलात. पहार घेतलीत, भिंतीच्या बुडाशी दोनदा मारलीत, आणि काळी माती हातात घेऊन माझ्यापुढे धरलीत. "पाड." एवढंच. मी म्हणालो, आबा, उद्या गिऱ्हाईक येतंय. तुम्ही पुन्हा म्हणालात, "पाड."

मी पाडली नाही. गिऱ्हाईक आलं. एसटीतले कंडक्टर आणि त्यांची बायको, जिला आपण अक्का म्हणायला लागलो ती. कंडक्टरांनी नळ सोडून बघितले, दिवे लावून बघितले. अक्का मात्र स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली, ओट्यावरून हात फिरवला, आणि मला न विचारता तुम्हाला विचारलं. तुमच्या पागोट्याकडे आणि हाताच्या घट्ट्यांकडे बघून विचारलं असेल. "आबा, तुम्ही सांगा. भिंत चांगली आहे ना?"

मी तुमच्याकडे पाहिलं. कसं पाहिलं ते मला माहीत आहे, आबा. हे घर गेलं नाही तर मला परत मिलमध्ये जावं लागणार होतं, आणि ते सगळं मी तोंडावर आणून तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही भिंतीकडे बघितलंत आणि म्हणालात, "हो."

ते लोक गेल्यावर मी तुमचे पाय धरायला वाकलो. तुम्ही पाय मागे घेतलेत. "आज तू घर नही इकं रे. मन्हा शबद इका." थापी धुतलीत, पिशवीत टाकलीत आणि चालत गेलात. त्यानंतर तुम्ही माझ्याबरोबर एकही घर बघायला आला नाहीत. रस्त्यात भेटलो की विचारपूस करायचात, मुलगी झाली तेव्हा मायने बाळंतविडाही पाठवला. पण तेवढंच.

पुढच्या वैशाखात अक्काच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या कोपऱ्यापासून जमिनीपर्यंत तिरकी भेग गेली. ती ऑफिसात आली. मी चहा मागवला आणि म्हणालो, "अक्का, नवीन काम आहे, जरा बसतंच." हे वाक्य आमच्याकडे सगळेच म्हणतात. ती चहा न पिताच "बरं भाऊ" म्हणून गेली, आणि परत कधी आली नाही. मला वाटलं, मिटलं. तुम्ही गेलात तेव्हा मी खांदा दिला. पांझरेच्या काठावर चार लोकांसमोर म्हणालो, हे माझे गुरू. माय तिथे नव्हती, नाहीतर एवढ्या मोठ्याने म्हणालो नसतो.

या चैत्रात अक्काचा फोन आला. कंडक्टर गेले तीन वर्षांपूर्वी. मुलगी जळगावला असते, तिच्याच बिल्डिंगमध्ये खालचा फ्लॅट निघाला होता. "भाऊ, तुम्हीच दिलं होतं, तुम्हीच काढून द्या." मी गेलो. बावीस वर्षांनी त्या स्वयंपाकघरात पाय टाकला. भेग होती तिथेच होती, उघडी, करंगळी जाईल एवढी. आणि काय सांगू, अक्काने त्या भेगेभोवती संसार मांडला होता: डब्यांची मांडणी अलीकडे सरकवलेली, देवाचा फोटो पलीकडे, मधली जागा मोकळी. मी सवयीने बोटाने ठोकलं. अक्का हसली. "वाजवता काय? मला विचारा ना. गणपतीपर्यंत थांबलो असतो तर मिटली असती, तुमचं काम सोपं झालं असतं. पण फ्लॅटवाला थांबत नाही."

माझ्या कानांत दडे बसले. मी विचारलं, "अक्का, तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. आबा आले होते."

तुम्ही आला होतात. तुम्ही त्या फरशीवर बसून तिला म्हणालात, "अक्का, मी खोटं बोलनू." मग दोन उन्हाळे, कामाला खाडा करून, त्या वयात, एकट्याने मागच्या भिंतीच्या कडेने खोदलंत, दगड भरलेत, वरून फरशीचा पट्टा घातलात, पावसाचं पाणी पायाशी मुरू नये म्हणून. भेग गेली नाही, पण वाढायची थांबली. कंडक्टर माझ्यावर केस करायला निघाले होते, त्यांना तुम्ही थांबवलंत. आणि अक्काने विचारलं होतं, त्याला सांगू का, तुम्ही हे केलं ते? तुम्ही म्हणालात, "राहू द्या. त्याले कान शेतस. एक दिन ऐकू ई."

मी मागच्या दाराने बाहेर गेलो. पट्टा अजून आहे, आबा. एक फरशी हललेली नाही.

अक्काला म्हणालो, हे घर मीच घेतो, चांगल्या घराच्या भावात. ती एकदम ताठ झाली. "दया करू नका, भाऊ. मी धुणंभांडी करत नाही कोणाची. गिऱ्हाईक आणा, भेग दाखवा, जे येईल ते येईल." मग मी आणलं. वैशाखात, भर उन्हात, मांडणी अजून बाजूला करून, बोट लावून भेग दाखवली; आयुष्यात पहिल्यांदा. पहिला चप्पल घालून निघाला. दुसरा म्हणाला, भिंतीचं सोडा, प्लॉटच्या भावात देत असाल तर बोला. त्या भावात फ्लॅट येत नव्हता. खरं बोलायला मी बावीस वर्षांनी निघालो, आणि त्याची किंमत पुन्हा तिच्याच पदरी पडत होती. हे तुम्ही मला शिकवलं नव्हतंत.

म्हणून मी माझ्या साळ्याला शिरपूरहून बोलावलं. तिने त्याला कधी पाहिलेलं नाही. नाव त्याचं, पैसा माझा. त्याला घोकून घेतलं: घर आवडलं म्हण, मागच्या भिंतीचं आम्ही बघून घेऊ म्हण, भाव फ्लॅट निघेल एवढाच बोल, जास्त नको, नाहीतर तिला संशय येईल. बिचारा वांग्याचा व्यापारी, घामाने भिजला होता. परवा नोंदणीच्या ऑफिसात बाकावर नंबराची वाट बघत बसलो होतो, तेव्हा अक्का त्याच्याकडे वळली. "दादा, वैशाखात नीट बघून घेतलं ना घर? भिंत पटली ना?"

साळ्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो."

अक्काने त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. सह्या करून बाहेर आलो. रिक्षेत बसता बसता तिने पेढा माझ्या हातावर ठेवला आणि हळूच विचारलं, "भाऊ, यालाही आबांसारखं हो म्हणायला लावलंत का?"

मी हसलो. काहीतरी बोललो, उन्हाचं, जळगावच्या गाडीचं. रिक्षा गेली.

किल्ली माझ्याकडे आहे. भिंत पाडणार आहे, मुरूम लागेपर्यंत खोदणार आहे. तुमचा पट्टा काढावा लागेल, त्याचंच जिवावर येतंय. हा कागद पाठवायचा कुठे, तेही ठाऊक नाही, मायही आता नाही. अक्काला पाठवता येईल, पण ती पुन्हा ताठ होईल. तिने विचारलं त्याचं उत्तर मी तिला दिलं नाही. तुम्हाला देतो, आबा. हो.