आजीच्या नावाचा शोध

ती. ताईस,
धुळकट हातांचा साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. खोली बरी आहे, फक्त खाट माझ्यापेक्षा वीतभर आखूड. बाबा जेवतात का? खोकला उतरला का?

पंधरा दिवस नोंदणी कचेरीत बाबांची जन्मनोंद शोधतोय. त्यांना जन्म देऊन आजी गेली, तिचे नाव त्यांना कोणी सांगितलेच नाही, आणि आता आजारपणात त्यांना तेवढेच हवे आहे. त्यांच्या जन्मसालाची वही मी तीनदा चाळली. कारकून म्हणाला, "काका, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात." मी म्हटले, "आमच्या कुळात ऋषी सोडा, वेळेवर उठणाराही कोणी झाला नाही. तुम्ही वही आणा."

शेवटी चिडून बाबांना पत्र टाकले, तर उत्तर आले, 'ते साल शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलं. खरा मी दोन वर्षांनी मोठा. तू विचारलंस कुठे?' संस्कृतात रागाला डझनभर शब्द आहेत, एकही पुरेना.

आज दोन वर्षे मागची वही उघडली आणि नाव मिळाले. पण शिक्क्याची नक्कल सोमवारी मिळणार, आणि शिक्क्याशिवाय बाबांना काही खरे वाटत नाही. म्हणून थांबलोय. त्यांच्या उशाशी बसून मीच सांगेन.

सोबत बंद पाकिटात ते नाव लिहून ठेवले आहे. तुला धीर निघत नाही हे ठाऊक आहे, तरी उघडू नकोस. पण त्यांची धाप वाढली, तर माझी वाट पाहू नकोस. पाकीट फोड आणि त्यांच्या कानात सांग.

तुझा,
धाकटा