चेहऱ्याभोवतीचा धूर

दि. ९ मार्च

प्रिय छोटी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि पुडीतली दोन्ही नाणी, एक तुमच्याकडचं आणि एक आमच्याकडचं, पोचली. आम्ही सगळे ठीक. वहिनीचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड त्याहून जास्त चालतं. तुला तिथल्या टांकसाळीत तपासनीस केल्याचं तिने अख्ख्या गल्लीला सांगून टाकलंय.

तू विचारतेस, चित्र एक, धातू एक, मग तुमचं नाणं आमच्यासारखं का दिसत नाही? अगं, तुमच्याकडे नाणं पाडायचा ठसा यंत्र घासतं. आमच्याकडे अजून हाताने, बाबांच्या टेबलावर. आधी सगळ्या ठशावर बारीक वाळूचा फवारा मारतात, मग तो दुधाळ होतो. त्यानंतर सपाट भाग घासून आरशासारखा करायचा आणि खोलगट चेहरा तसाच दुधाळ ठेवायचा. शिवाय तुम्ही कोऱ्या चकत्या पोलादी गोळ्यांबरोबर घोळवता, आम्ही नुसत्या धुतो. प्रेसचा दाबही वेगळा. एवढ्याने चकाकी बदलते.

पण तुला हे सगळं माहीत आहे. तुझा खरा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे: यंदाच्या नाण्यात चेहऱ्याभोवती धूर का? बाबांचं काम असं कधी नसतं.

नसतं, खरंच.

मध्यंतरी बाबा जिन्यात पडले, ते पाय घसरून नव्हे. पायरी दिसली नाही. डोळ्याची नस सुकत चालली आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपा. बाबांनी बाहेर येताच बजावलं, "छोटीला कळवायचं नाही. नव्या जागी रुळू दे तिला."

कामावर ते जातच राहिले. तू पाठवलेलं आमचं नाणं तेव्हाचं; चेहऱ्याच्या कडेचा दुधाळपणा त्यांना दिसला नाही, घासायचा राहिला, तोच तुझा धूर. मग शेजारच्या टेबलावरचा लंबू, तुला आठवत असेल, बाबांनीच शिकवलेला, त्यांचे ठसे संध्याकाळी गुपचूप पुन्हा घासायला लागला. साहेबांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. मी प्रेसवर उभा असायचो, मलाही सगळं ठाऊक होतं. वाटायचं, निवृत्तीपर्यंत निभावून जाईल.

गेल्या आठवड्यात बाबांनी जेवणाच्या सुट्टीत लंबूला हाक मारली. ठशावरून अंगठा फिरवत म्हणाले, "तू कडेला जरा जास्त दाबतोस. मऊ हाताने घे."

लंबूचा चेहरा पांढराफटक. "काका, तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर घरी बसावं लागलं असतं. मला इथे यायचं होतं रे."

लंबू लहान मुलासारखा रडला. बाबांनी अ‍ॅप्रन काढला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, "चल, घरी सोड." रस्ताभर माझा दंड धरून चालले. आयुष्यात पहिल्यांदा.

आता काहीच दिसत नाही, छोटी. उजेड-अंधार तेवढा कळतो. दिवसभर खिडकीशी बसतात. परवा विचारत होते, "छोटीचे केस पिकले का रे?" मी म्हटलं, कानाशी थोडे. म्हणाले, "मला काळेच आठवतात. बरंय."

त्यांनी मना केलं होतं, तरी लिहितोय. रजा मिळाली की ये. एकच सांगतो. वहिनीची बहीण आली होती, दारात गप्पच उभी राहिली. बाबा तिच्याकडे बघून हसले, "या, बसा" म्हणाले आणि ती गेल्यावर मला हळूच विचारलं, कोण होतं? तू तशी उभी राहू नकोस. दारातूनच "बाबा" म्हण, मोठ्याने म्हण. तुलाही ओळखल्याचं सोंग त्यांना करावं लागलं, तर ते मला बघवणार नाही.

वाट पाहतो आहे, त्यांना न सांगता,
तुझा दादा