टाके माझे, माप फोरमनचं

४ जुलै
यांची दोन बोटं कारखान्यात पत्र्याच्या प्रेसमध्ये गेली आणि मालकानं सफरचंदं पाठवली. डझनभर! बोटामागे सहा. सोबत टाइप केलेला कागद – ‘घरी भाजी चिरताना इजा झाली.’ खाली सहीची जागा.
लग्नाला एकोणीस वर्षं झाली. या माणसानं घरात कधी कांदा चिरला नाही. चिरली ती एकदम बोटंच!
सासूबाई म्हणाल्या, “खोटं बोलायचं तर निदान पटेल असं तरी बोलावं मेल्यानं.”

५ जुलै
हे सही करतो म्हणतात. “मालक नोकरीवर ठेवतील. वाद कशाला?” उजवा हात बांधलेला, म्हणून डाव्यानं सरावही केला. सही कसली, शाईत पडलेली मुंगी चालत गेली!
कागद मी देवाच्या तसबिरीमागे ठेवला. तिथे हात घालायची यांची छाती नाही.

८ जुलै
कामगार कार्यालयात गेले. चालतच, बसचे पैसे वाचवून. अधिकारी बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “कामावर इजा झाली की भरपाई मिळते. तो हक्क आहे, मेहेरबानी नाही.” हक्क! हा शब्द मॅट्रिकच्या नागरिकशास्त्रात भेटला होता, त्यानंतर आजच.
अर्ज तिथेच लिहिला. “अक्षर छान आहे,” म्हणाल्या. उगाच फुगले.

१९ जुलै
कंपनीचं उत्तर आलं – मनाई असताना यांनीच मशीनशी खेळ केला म्हणे.
खोदून विचारल्यावर हे बोलले. प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आपोआप बाहेर. पण पगार नगांवर. मग एक बटण दाबून बांधून टाकायचं. डाव्या हातानं दुसरं दाबायचं, उजव्यानं पत्रा सरकवायचा. सगळेच करतात.
“बांधता कशानं?” तर भिंतीकडे तोंड.
अधिकारी बाई म्हणाल्या, “वरच्यांना ठाऊक होतं हे दाखवता आलं, तर गोष्ट वेगळी. साक्षीदार आणा.” यांच्याबरोबर अकराजण काम करतात. अकराही तेव्हा लघवीला गेले होते! एकाच वेळी! मुतारी आहे की मैदान?

२ ऑगस्ट
सुनावणी. कंपनीच्या वकिलानं पिशवीतून पुरावा काढून टेबलावर ठेवला. निळी पट्टी, टोकाला इलॅस्टिक.
माझा जुना अभ्रा. दुहेरी टीप, शेवटी उलटे तीन टाके. हात माझाच.
गेल्या वर्षी बारा शिवल्या होत्या. फोरमन स्वतः घरी आला होता, चहा प्यायला. “वहिनी, घट्ट शिवा हं, निसटता कामा नये.” मला वाटलं, पत्र्याचे गठ्ठे बांधायला!
नाहीच निसटली.
पुढची तारीख मिळाली. घरी येऊन यांच्यापुढे उभी राहिले. म्हणाले, “म्हणून तर सही करून टाकत होतो. तुला कळायला नको होतं.”
एकोणीस वर्षांत या माणसानं माझ्यासाठी लढवलेली एकुलती एक युक्ती, आणि ती मीच तसबिरीमागे कोंबली!

३ ऑगस्ट
देवाशी भांडले. तुला सगळं दिसतं ना? मग त्या दिवशी सुईत दोरा जाऊ कसा दिलास? एरवी तर दहादा चुकवतोस!
रडूनही झालं. मग कागदांचा डबा उपसला. पाठकोरा कागद मी टाकत नाही. सापडली! कंपनीची छापील चिठ्ठी, फोरमनच्या अक्षरात लांबी-रुंदी, ‘१२ नग, प्रेस खातं’. पाठीवर माझा दुधाचा हिशोब.

१४ ऑगस्ट
उभी राहिले. पट्टी मीच शिवली, असं सरळ सांगितलं.
वकील हसला. “म्हणजे बाई, नवऱ्याची बोटं तुम्हीच घालवलीत?”
“टाके माझे,” म्हटलं, “माप फोरमनचं.” आणि चिठ्ठी दिली.
फोरमनला स्वतःचं अक्षर ओळखू येईना! अधिकारी बाईंनी त्याच्या हाती पेन दिलं. “लिहा, बारा नग.” लिहिताना असा घामाघूम झाला, जसा मॅट्रिकला गणिताच्या पेपरात मी.
बाहेर आल्यावर हे एवढंच म्हणाले, “घसा कोरडा पडला असेल तुझा.” आणि स्वतः जाऊन पाणी आणलं. डाव्या हातानं. अर्धं सांडत.

३० ऑगस्ट
निकाल आमच्या बाजूनं! भरपाई मिळणार. शिवाय सगळ्या मशीनवरच्या पट्ट्या काढायचा हुकूम. देवापुढे आज दोन दिवे. एक आभाराचा, एक माफीचा.

६ सप्टेंबर
यांच्या शेजारच्या मशीनवरच्याची बायको आली. हातात कापड आणि इलॅस्टिक. “पट्ट्या काढल्यापासून नग निम्म्यावर आलेत, वहिनी. एक शिवून द्या ना. तुमचे टाके उसवत नाहीत.”
तिला आत नेलं. यांचा हात दाखवला. तिनं नीट पाहिला, डोळे पुसले.
“हो, वहिनी,” म्हणाली. “पण घरात खाणारी सहा तोंडं आहेत.”